पाठीवरचा खिसा

मास्तरांनी एकाच कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या, त्या दिवशी त्यांची मुलगी खरी घाबरली. तोवर ती कशीबशी मनाची समजूत घालत होती.

मास्तर कपडे बेतणारे. रस्त्याच्या कोपऱ्यावर दुकान, दुकानामागे राहायच्या दोन खोल्या. दुकानात कापायचं लांब टेबल, कोपरं टेकून टेकून कडा गुळगुळीत झालेलं, आणि खिडकीपाशी बायकोचं शिलाई मशीन. कापायचं त्यांनी, शिवायचं तिनं, ही लग्नापासूनची वाटणी कधी बदलली नाही. ‘मी कापतो, ही जोडते,’ असं मास्तर गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि मशीनवरची मान वर न करता ती म्हणायची, ‘घरातही तसंच आहे.’

त्या हिवाळ्यात ती गेली. फुप्फुसांनी दगा दिला. मुलगी दुसऱ्या गावातल्या ग्रंथालयात नोकरीला होती. ती रजा काढून आली, आणि वडिलांकडे पाहून तिचा पाय काही निघेना. रजा वाढवत राहिली.

आधी सगळं ठीक वाटत होतं. मास्तर जेवत होते, दुकान उघडत होते, सांत्वनाला आलेल्यांना उलट धीर देत होते. मग हळूहळू माणूस विझत चालला. सकाळी उठले की डोकं धरून बसायचे. तोंडाला कोरड, डोळे लाल, ‘रात्रभर ढाराढूर झोपलो, तरी अंग कसं मोडून आल्यासारखं झालंय’ ही रोजची तक्रार. दुपारी कापड हातात घेऊन बसले की मान छातीवर. माप घ्यायचे आणि लिहायच्या आत विसरायचे. ज्यांनी उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकावर आवाज चढवला नाही, ते एका म्हाताऱ्या बाईवर तिनं बटण बदलून मागितलं म्हणून खेकसले. रक्तदाबाच्या गोळ्या दुप्पट झाल्या, तरी तो खाली यायचं नाव घेईना.

मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, आठवड्यातून एकदा डबा घेऊन यायची. तिनं निदान करून टाकलं, की भावजींनी जगण्यातून मनच काढून घेतलंय. झोप नीट लागावी म्हणून मायेपोटी तिनं आपल्या झोपेच्या गोळ्यांतल्या काही त्यांना देऊनही टाकल्या. मुलीलाही ते निदान पटलं. तिचं आयुष्य पुस्तकांत गेलेलं. बायको गेल्यावर खंगत गेलेले नवरे तिनं इतक्या पानांवर पाहिले होते, की घरातला नवरा त्यांच्याशी ताडून बघताना सगळं बिनचूक जुळलं. इतकं जुळलं, की आणखी कुठे पाहायचं तिला सुचलंच नाही.

आणि मग त्या बाह्या. कापड पुरेसं नव्हतं म्हणून मास्तरांनी ते एकेरी पसरून कापायला घेतलं. एक बाही कापली. दुसरीच्या वेळी कागदाचा नमुना उलटायचा असतो, तो राहिला. कात्री धरायला नुकत्याच शिकलेल्या माणसाकडून होते ती चूक. दोन्ही बाह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून मास्तरांनी पाहिल्या. मग त्यांनी कात्री खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, हे घेतलेलं काम संपलं की दुकान बंद करू.

आई गेली ती गेली. आता डोळ्यांदेखत बाबाही चालले, असं मुलीला वाटलं, आणि त्यांना कुठे धरून थांबवायचं तेच कळेना.

त्यानंतर दोनचार दिवसांतली गोष्ट. बसचा एक ड्रायव्हर गणवेशाची पँट कमरेत आवळायला टाकून गेला होता, ती न्यायला आला. मास्तर खुर्चीत टेप गळ्यात घालून झोपलेले. मुलगी काजं पुरी करत होती. तिनं ड्रायव्हरला स्टूल दिलं. मास्तरांचं घोरणं चढत चढत गेलं आणि एकदम थांबलं. मुलगी काही बोलणार, तोच ड्रायव्हरनं हात वर करून तिला गप्प केलं. तो मास्तरांच्या छातीकडे टक लावून बघत होता. छाती हलायचा प्रयत्न करत होती, पण नाकातोंडातून काहीच येत नव्हतं. दुकानात रस्त्यावरच्या रहदारीचा आवाज तेवढा. मग मास्तरांनी पाण्यातून वर आल्यासारखा मोठा आचका दिला, डोळे अर्धवट उघडले, मिटले, आणि घोरणं पुन्हा सुरू.

ड्रायव्हरनं विचारलं, हे केव्हापासून चाललंय. ती म्हणाली, आई गेल्यापासून, मनाला फार लावून घेतलंय.

“मनाला लावून घेतलं असेल, ताई,” तो म्हणाला, “पण आत्ता झालं ते दुःख नव्हे. श्वास बंद पडला होता त्यांचा.”

मग त्यानं स्वतःचं सांगितलं. तोही असाच दिवसभर पेंगायचा. एकदा सिग्नलला बस उभी असताना त्याचा डोळा लागला, तो मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गोंगाट केला तेव्हा उघडला. साहेबांना वाटलं, गडी पिऊन येतो. नशीब त्याचं, की कामावरून काढायच्या आधी कोणीतरी त्याला झोपेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आता रात्री नाकाला मशीन लावून झोपतो, वजनही उतरवलंय, म्हणूनच ही पँट आवळायची वेळ आली. “बायको म्हणते, शेजारी व्हॅक्यूम क्लीनर झोपलाय,” तो म्हणाला. “पण सकाळी उठतो, हे काय कमी आहे?” निघताना त्यानं दवाखान्याचा पत्ता नीट समजावून सांगितला, आणि दाराबाहेर गेल्यावर पुन्हा आत येऊन तिच्याकडून वदवून घेतला.

मास्तर ऐकतील तर शपथ. घोरणं हा काय आजार झाला? आपले वडील घोरायचे, त्यांचे वडील घोरायचे, घराण्याची देणगीच आहे ती. मुलीनं वाद घातला नाही. तिनं एवढंच विचारलं, “आजोबा झोपेतच गेले ना, बाबा?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते.

झोपेच्या आजारांच्या डॉक्टर मध्यम वयाच्या बाई होत्या. त्यांनी घाई केली नाही. दिवसा कुठे कुठे डोळा लागतो, वाचताना, गाडीत, कोणाशी बोलताना, असं एकेक विचारलं. रात्री लघवीला किती वेळा उठता, सकाळी डोकं दुखतं का, झोपेची काही औषधं घेता का. मावशीच्या गोळ्यांचं ऐकून त्यांनी त्या ताबडतोब बंद करायला सांगितल्या. ज्याचा घसा झोपेत आधीच सैल पडतोय, त्याला त्या गोळ्या म्हणजे आगीत तेल, असं म्हणाल्या. घशात बॅटरी मारून पाहिलं. मग मानेचा घेर मोजायला टेप उचलला, तेव्हा मास्तरांना राहवेना.

“साडेसतरा,” ते म्हणाले. “आणि टेप तिरका धरलाय तुम्ही.”

डॉक्टर हसल्या. टेप सरळ करून मोजलं. साडेसतराच. पूर्वी किती होती मान, त्यांनी विचारलं. मास्तरांनी कबूल केलं की पूर्वी सोळा होती, पण कॉलर धुऊन धुऊन आटतात असंच ते बायकोला सांगत आले होते. कापडाला नावं ठेवणारा शिंपी मी पहिल्यांदा पाहतेय, असं डॉक्टर म्हणाल्या, आणि लिहिता लिहिता त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: झोपता कसे, कुशीवर की पाठीवर?

“पूर्वी कुशीवर,” मास्तर म्हणाले. “आता पाठीवर.”

आता का बरं?

मास्तर जरा संकोचले. मुलीकडे न पाहता सांगू लागले, की बायकोनं त्यांच्या रात्रीच्या सदऱ्यांना पाठीवर एक खिसा लावलेला असायचा, बरोबर दोन खांद्यांच्या मध्ये. झोपायच्या वेळी ती त्यात एक लाकडी रीळ टाकायची, दोरा संपलेलं. पाठीच्या दुखण्यावर चांगलं असतं म्हणायची. रीळ टोचायचं, म्हणून कुशीवर वळावं लागायचं. ती गेल्यावरही सवयीनं ते स्वतः रीळ टाकत. आता खिसा पुढे आलाय, म्हणून रीळ पुढे टाकतात. पुढे टोचतं, म्हणून पाठीवर झोपतात.

मुलीचे कान तापले. आई गेल्यावर कपाट आवरताना ते सदरे तिला सापडले होते. पाठीवर भलत्याच कापडाचे खिसे. ज्या बाईच्या शिलाईत एक टाका इकडचा तिकडे होत नसे, तिच्या हातून आजारपणात असा गोंधळ व्हावा, हे तिला बघवेना. एक अख्खी दुपार बसून तिनं प्रत्येक खिसा उसवला, आणि आईसारखेच बारीक टाके घालत तो पुढे, डाव्या बाजूला, जिथे खिसा असायला हवा तिथे लावला. मास्तरांनी सदरा घालून पाहिला आणि म्हणाले होते, छान बसलाय. त्याहून एक अक्षर नाही. तिचं मन मोडू नये म्हणून ते रोज रात्री रीळ छातीवर घेऊन उताणे झोपत आले होते.

तिनं डॉक्टरांना हे सांगितलं, अगदी थोडक्यात, टेबलाच्या कडेकडे पाहत. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पाठीवर झोपलं की जीभ आणि घशाचं मांस मागे पडतं आणि श्वासाची वाट बंद होते, म्हणून पूर्वीपासून कित्येक घरांत पाठीला चेंडू बांधायचा उपाय लोक करत आलेत, असं त्या म्हणाल्या. आईंना नाव ठाऊक नसेल आजाराचं, पण नवऱ्याचा श्वास अडतोय हे त्यांनी ऐकलं होतं.

“मग मी काढायला नको होता तो खिसा,” मुलगी म्हणाली.

“काढला नसतात, तर हे माझ्यापर्यंत आलेच नसते,” डॉक्टर म्हणाल्या. “रीळ आजार थोपवतं, बरा करत नाही. आईंनी इतकी वर्षं थोपवून धरला. आता पुढचं आपण करू.”

तपासणीसाठी घरी न्यायचं एक छोटं यंत्र मिळालं. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी नळी. मास्तरांनी पट्टा बांधून घेताना तो शिवणाऱ्याचा उद्धार केला. सकाळी ते परत दिलं. निकाल आला तो डॉक्टरांनी पडद्यावर दाखवला. प्राणवायूची रेघ करवतीच्या दात्यांसारखी, खाली वर, खाली वर. सरासरी दर दोन मिनिटांना एकदा श्वास बंद पडत होता. प्रत्येक वेळी मेंदू दचकून जागं करत होता, आणि सकाळी त्यातलं काही आठवत नव्हतं. म्हणजे मास्तर रात्रभर झोपले असं समजत होते, तेव्हा ते रात्रभर उठत होते. विसरणं, चिडणं, न उतरणारा रक्तदाब, सगळ्याचं मूळ तिथे. याला स्लीप ॲप्निया म्हणतात, तुमचा बराच वरच्या पायरीचा आहे, डॉक्टर म्हणाल्या. मास्तरांनी एकच गोष्ट विचारली: डोकं ठिकाणावर आहे ना? आहे, त्या म्हणाल्या, फक्त त्याला झोप हवीये.

मुलीचा जीव अर्धा तरी भांड्यात पडला.

उपाय तोच, ड्रायव्हरनं सांगितलेला. नळीतून हलक्या दाबानं हवा सोडणारं मशीन, आणि तोंडावर मुखवटा. हवेच्या दाबानं घशाची वाट उघडी राहते. याला चष्म्यासारखं समजा, डॉक्टर म्हणाल्या. चष्म्यानं डोळे बरे होत नाहीत, पण लावला की दिसतं. रोज लावायचं, वजन उतरवायचं, कुशीवर झोपायचं.

मशीन घरी आलं आणि फडताळात जाऊन बसलं. मास्तर हो हो म्हणत आणि सकाळी ते जिथल्या तिथे. पट्टा आवळतो. मुलीनं सैल करून दिला. हवा थंड लागते. तिनं हवा कोमट करायची सोय विचारून घेतली. आवाज येतो. स्वतःच्या घोरण्यापेक्षा कमी येतो, असं ती म्हणाली. आठवडा असाच गेला. दोन्ही बाह्या डाव्या असलेला कोट तसाच हँगरला लटकत होता.

मावशी आली तेव्हा तिला हे कळलं. तिनं डबा ठेवला, पदर खोचला आणि तोफ सुरू केली. साऱ्या दुनियेच्या गळ्याला कॉलर लावून झाल्या, आणि स्वतःच्या नाकाला एक पट्टा लागला तर एवढे नखरे? पोरीनं नोकरी टांगून ठेवलीये तिकडे, तिचा तरी विचार करा, भावजी.

मास्तर टेबलावरचं खडूचं पांढरं हातानं पुसत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “तिच्या तोंडावर असंच होतं.”

आईच्या शेवटच्या दिवसांत नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता, पारदर्शक, कडेला हिरवा पट्टा. मास्तर त्याच्याशेजारी बसून असायचे. त्यातून ती काहीतरी सांगायची, आणि ते त्यांना ऐकू यायचं नाही.

“तो लावला की मला वाटतं, आता कोणीतरी येऊन काढेल. आणि मग संपलं.”

मावशी खुर्ची ओढून भावजींच्या शेजारी बसली आणि म्हणाली, ताई तिला एकदा म्हणाली होती, की रीळ घातलं की माझी रात्र बरी जाते. तेव्हा मावशीनं त्याची थट्टा केली होती, की नवऱ्याला टोचण्या देऊन तुला झोप लागते म्हणजे कमालच. “ती ऐकत पडायची हो,” मावशी म्हणाली. “तुम्ही श्वास घेताय का ते. म्हणून तर दुपारी शिलाई मशीनवर पेंगायची.” एवढं बोलून ती स्वयंपाकघरात निघून गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

दुसऱ्या दिवशी मुलीनं मशीन जिथून आणलं होतं तिथल्या तरुणीला फोन केला आणि खरी अडचण सांगितली. ती तरुणी म्हणाली, हे आधी का नाही सांगितलंत? हे बरेच जण सांगतात. संध्याकाळी ती वेगळाच मुखवटा घेऊन आली. मुखवटा कसला, नाकपुड्यांखाली टेकणाऱ्या दोन मऊ उशा आणि डोक्यावरून जाणारी एक पट्टी. तोंड मोकळं, गाल मोकळे, चष्मासुद्धा लावता येतो. आणि तिनं एक युक्ती सांगितली: हे आधी दिवसा लावायचं, जागेपणी, आवडतं काम करताना, म्हणजे अंगाला त्याची ओळख होते.

मास्तरांचं आवडतं काम एकच. दुपारी ते नाकाला नळी लावून कापडावर खडूनं आखायला उभे राहिले. पट्टी पाहूनच त्यांचं पित्त खवळलं. ही बेतणाऱ्यानं माणसाचं डोकं कधी पाहिलेलं दिसत नाही, म्हणाले, आणि तिला कानामागे मऊ फ्लॅनेलचं अस्तर लावून घेतलं. एकदा ते अस्तर स्वतः लावलं म्हटल्यावर मशीन त्यांचं झालं. बोलायला तोंड उघडलं की हवा तोंडातून भस्सकन सुटायची, म्हणून ते गिऱ्हाइकांशी खुणांनी बोलत. गिऱ्हाइकांना काय, निमित्तच हवं. मास्तर, विमान चालवायला निघालात की काय? मास्तर, हत्तीचा कोट बेतताय का, स्वतःला लावून बघताय ते? मास्तर खडू रोखून त्यांना गप्प करत, आणि त्यांच्या डोळ्यांत फार दिवसांनी मिश्कीलपणा दिसे.

मग एके रात्री ते तसेच झोपले. सकाळी मुलगी उठली तेव्हा दुकानातून कात्रीचा आवाज येत होता. लांब, न अडखळणारा. तिनं जाऊन पाहिलं तर मास्तर कोणाला न विचारता स्वतःच्या गाठीचं कापड घेऊन त्या कोटाची उजवी बाही कापत होते. ‘डोकं दुखत नाहीये,’ त्यांनी जाहीर केलं, जणू डोकं ही शेजाऱ्याची गोष्ट आहे.

सगळं एका फुंकरीत झालं असं नाही. काही रात्री पट्टी निसटायची, सर्दी झाली की सगळाच बट्ट्याबोळ. पण पंधरवड्यात माणूस ओळखू येऊ लागला. त्या म्हाताऱ्या बाईच्या घरी जाऊन त्यांनी सगळी बटणं बदलून दिली. रक्तदाब उतरला. दुकान बंद करायचा विषय निघाला नाही, आणि मुलीनंही काढला नाही. रोज सकाळी त्यांची खोली उघडी दिसली की ती मनात आभार मानायची. कोणाचे, ते ठरलेलं नसे. कधी दोन पावलं परत येणाऱ्या ड्रायव्हरचे, कधी पेन खाली ठेवणाऱ्या डॉक्टरांचे. बहुतेक वेळा आईचे, जिच्या रात्रींचा हिशेब कोणी ठेवला नव्हता.

एका दुपारी मास्तर लग्नाचा एक भारी कोट कापत होते. कापड महाग, चुकायला जागा नाही. मुलगी समोर कापडाचं टोक धरून उभी होती. कात्री पाठीच्या वळणाशी आली आणि मास्तर थांबले. त्यांनी कात्री टेबलावर ठेवली. खिडकीपाशी बंद पडून असलेल्या शिलाई मशीनकडे पाहिलं, आताच नजरेस पडल्यासारखं.

“तुझी आई गेली गं,” ते म्हणाले.

आणि रडायला लागले. आई गेली त्या दिवशी रडले नव्हते, नंतरच्या त्या पेंगुळलेल्या महिन्यांत रडले नव्हते. आता, भर दुपारी, पूर्ण जागे असताना, दोन्ही तळहात महागड्या कापडावर ठेवून ते लहान मुलासारखे रडले. मुलीनं त्यांना थांबवलं नाही. तिनं फक्त कापड हलकेच बाजूला ओढलं, डाग पडू नये म्हणून. आईनं तेच केलं असतं. मग तीही रडली.

बऱ्याच वेळानं मास्तरांनी चष्मा पुसला. इतके दिवस आपल्याला सगळं धुक्यातून दिसत होतं, कोणीतरी गेलंय एवढंच कळत होतं, कोण गेलंय ते आता कळलं, असं काहीसं ते म्हणाले. आवाज स्थिर होता. तिनं पाणी आणून दिलं, ते प्याले, आणि कात्री पुन्हा उचलली.

“तू जा आता तुझ्या कामावर,” ते म्हणाले. “मला झोप लागते आता. रडूही येतं. माझं चालेल.”

मुलीनं कापड पुन्हा पसरलं, सुरकुती काढली आणि टोक ताणून धरलं. मास्तरांनी पाठीचं वळण एका दमात कापलं.